डिसेंबर लागला की गाडी सुरू होईना: थंडीचं ऑइल टाकावं का?

दत्तजयंतीच्या आसपास मुंबईत दोन गोष्टी हमखास होतात. मटार स्वस्त होतो, आणि आमच्या बिल्डिंगखाली सकाळी सहाला कुणाची ना कुणाची गाडी सेल्फ मारून मारून दम टाकते. सलग तीन हिवाळे ती गाडी माझी होती.

आधी लक्षणं सांगतो. तुमच्याकडे हीच असतील तर पुढचं तुमच्या कामाचं. गाडी साडेतीनशे सीसीची, सिंगल सिलिंडर, एअर कूल्ड, फ्युएल इंजेक्शनवाली. किक नाही. रात्रभर उघड्यावर उभी. पहाटे सेल्फ दाबला की इंजिन जड फिरतं, तिसऱ्या-चौथ्या खेपेला धरतं. धरल्यावर हेडमधून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातून, दोन-तीन सेकंद टकटक. पहिला गिअर टाकला की क्लच पूर्ण दाबलेला असूनही 'खाड्' करून गाडी पुढे उडी घेते. पहिल्या सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात, हिरवा दिवा काही लागत नाही. पाच-सात किलोमीटर गेलं की सगळं गायब. संध्याकाळी परतताना गाडी लोण्यासारखी. मार्चमध्ये आजार आपोआप बरा, डिसेंबरला पुन्हा हजर.

दरवर्षी ठरावीक महिन्यात येतो आणि जातो म्हटल्यावर संशय थंडीवर जाणारच. आणि थंडी म्हटलं की सल्ला एकच: 'ऑइल गोठतं रे. थंडीचं ऑइल टाक.' ऑफिसातला सहकारी हेच म्हणाला, पार्किंगमधले शेजारी हेच म्हणाले, गॅरेजवालाही हेच म्हणाला. फक्त 'थंडीचं' म्हणजे पातळ की जाड, यावर तिघांचं तीन दिशांना तोंड.

पहिल्या हिवाळ्यात मी पातळ टाकलं. मित्राच्या कारचं ५डब्ल्यू-३० सिंथेटिक ऑइल उरलं होतं, महागातलं, सीलबंद. मला वाटलं लॉटरी लागली. आठवडाभर न्यूट्रल झकास लागत होतं. मग एका रविवारी इगतपुरीला निघालो तर कसाऱ्याच्या चढाला इंजिनचा आवाज वाढतोय, टॅकोमीटरचा काटा वर जातोय, आणि गाडी आहे तिथेच. मागून मालट्रक हॉर्न मारत पुढे निघून गेला. क्लच घसरत होता. घरी येऊन बाटली नीट वाचली तेव्हा गोल शिक्क्याच्या खालच्या कडेला 'रिसोर्स कॉन्झर्व्हिंग' असं बारीक अक्षरात छापलेलं दिसलं. त्याचा अर्थ, घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली. कारला ती चांगली, कारण कारचा क्लच इंजिन ऑइलच्या बाहेर, कोरडा असतो. आपल्या मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला. घर्षण कमी करायचं औषध क्लचच्या प्लेटांनाही लागतं, आणि क्लचचं तर सगळं पोट घर्षणावर. दोनदा ऑइल बदललं, शेवटी प्लेटा उघडल्या, चकचकीत झालेल्या निघाल्या. फुकटचं ऑइल मला नव्या प्लेटांच्या किमतीला पडलं. आणि सकाळचं स्टार्टिंग? जसं होतं तसंच.

दुसऱ्या हिवाळ्यात गॅरेजवाल्याचं ऐकलं. तो म्हणाला, 'टकटक येतेय ना, मग जाड टाकू.' गाडीच्या पुस्तकात १५डब्ल्यू-५० लिहिलेलं, त्याने २०डब्ल्यू-५० ओतलं. टकटक होती तेवढीच राहिली, आणि सकाळची ती 'खाड्' उडी आणखी जोरात व्हायला लागली.

तिसऱ्या हिवाळ्यात भाच्याने डोळे उघडले. तो निफाडकडे असतो, द्राक्षाची बाग आहे. तिकडे कडाका पडला की बागेत पहाटे शेकोट्या पेटवतात, नाहीतर मण्यांना तडे जातात. फोनवर मी माझं रडगाणं लावलं तर म्हणाला, 'मामा, इथं पारा पाच-सहावर आलाय. माझी शंभर सीसी रात्रभर बागेत उभी असते. चोक ओढला, दोन किक मारल्या की चालू. तुमच्याकडे किती आहे तापमान?' मी बघितलं. अठरा.

अठरा अंशाला ऑइल गोठतं म्हणणं म्हणजे अठरा अंशाला माणूस गारठून मेला म्हणण्यासारखं आहे. सांताक्रूझच्या वेधशाळेत आजवर नोंदलेलं सर्वात कमी तापमान ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२ चं. एरवी जानेवारीत तिथे पहाटेचा पारा सरासरी सोळा-सतराच्या आसपास असतो. कुलाब्याला समुद्रामुळे त्याहूनही जास्त. माझा रोजचा रस्ता गोरेगाव पूर्वेहून आरेतून मरोळला, सात-आठ किलोमीटर. आरेत झाडीमुळे गारवा जास्त जाणवतो हे खरं, बोटं आखडतात. पण बोटं आखडणं वेगळं आणि ऑइल आखडणं वेगळं.

आता बाटलीवरच्या आकड्याकडे येऊ, कारण सगळा घोळ तिथे आहे. २०डब्ल्यू-५० चा अर्थ 'वीस ते पन्नास अंश तापमानात चालणारं' असा मुंबईत अर्ध्या लोकांनी लावलेला आहे. मीही लावला होता. मुंबईचं हवामान वीस ते चाळीस, म्हणजे २०डब्ल्यू-५० आपल्यासाठीच बनवलंय! दिसायला पटतं, पण पूर्ण चूक. ते आकडे अंश नाहीत, एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या प्रतवारीतले वर्ग आहेत. डब्ल्यू म्हणजे विंटर. डब्ल्यूच्या आधीचा आकडा गारठ्यातली वागणूक सांगतो, नंतरचा आकडा १०० अंश तापलेल्या ऑइलचा जाडपणा सांगतो. पहिला आकडा जितका लहान, तितकं ऑइल कडक थंडीत लवकर हलतं.

किती कडक थंडीत? हे ऐकून मी खुर्चीतच बसलो. २०डब्ल्यू हा शिक्का मिळवायला ऑइलला उणे १५ अंशाला इंजिन फिरू देण्याची चाचणी पास करावी लागते. १५डब्ल्यूला उणे २०, १०डब्ल्यूला उणे २५, ५डब्ल्यूला उणे ३०. ऑइल पंपाने खेचलं जातं का याची चाचणी त्याहून आणखी पाच अंश खाली. म्हणजे बाजारातलं जाडातलं जाड समजलं जाणारं २०डब्ल्यू-५० सुद्धा मुंबईच्या इतिहासातल्या सर्वात थंड रात्रीपेक्षा बावीस अंश खाली इंजिन फिरवू देईल. निफाडलाही ते हसतच चालेल.

आणखी एक गैरसमज जाता जाता. 'थंड असताना २० सारखं पातळ, तापल्यावर ५० सारखं जाड' असंही लोक सांगतात. ऑइल तापल्यावर जाड होत नाही. कढईतलं गोडेतेल होतं का? मल्टिग्रेड ऑइल फक्त कमी वेगाने पातळ होतं, एवढीच त्याची करामत. २०डब्ल्यू-५० चं बहुतेक माहितीपत्रकांतलं ४० अंशाचं माप दीडशे ते पावणेदोनशे सेंटिस्टोक्सच्या (जाडपणा मोजायचं एकक) घरात असतं आणि १०० अंशाला ते अठराच्या आसपास येतं. १०डब्ल्यू-३० चं चाळिसाला साधारण सत्तर, शंभराला दहा-अकरा.

आकड्यांवर माझं समाधान होत नाही. कफ सिरपच्या रिकाम्या, धुतलेल्या तीन बाटल्या घेतल्या. एकीत २०डब्ल्यू-५०, एकीत माझं १५डब्ल्यू-५०, एकीत हिच्या स्कूटरचं १०डब्ल्यू-३०. आधी रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, म्हणजे चार-पाच अंशाला, म्हणजे निफाड. सकाळी तिरप्या केल्या. १०डब्ल्यू-३० सरळ धारेने वाहिलं. २०डब्ल्यू-५० एरंडेलासारखं, सावकाश, पण न अडखळता. मग तिन्ही फ्रीझरमध्ये, सोललेल्या मटाराच्या पिशवीशेजारी. 'ह्यांना वेड लागलंय' हे वाक्य मी दोन दिवस ऐकलं. घरगुती फ्रीझर उणे १८ च्या आसपास असतो, म्हणजे २०डब्ल्यूच्या हद्दीच्या पलीकडे. बाहेर काढलं तेव्हा १०डब्ल्यू-३० जाडसर पण हलतं, १५डब्ल्यू-५० काकवीसारखं, आणि २०डब्ल्यू-५० थंडीतल्या मधासारखं. बाटली उलटी धरली तर क्षणभर विचार करतं आणि मग यायला लागतं. तिथे मात्र सेल्फ मोटरची कंबर मोडली असती. फक्त तो फ्रीझर होता, गोरेगाव नव्हतं.

म्हणजे ऑइल निर्दोष? पूर्ण नाही, आणि हा भाग नीट वाचा.

क्लचची उडी आणि न सापडणारं न्यूट्रल यांचा ऑइलशी खरंच संबंध आहे. क्लचच्या प्लेटा एकावर एक चिकटून असतात, मधे ऑइलचा थर. रात्रभरात दाबाखाली तो थर पिळून निघतो आणि प्लेटा ओल्या काचेवर ओली काच चिकटावी तशा बसतात. सकाळी क्लच दाबला तरी त्या सुटत नाहीत, इंजिनबरोबर ओढल्या जातात. ऑइल जितकं जाड तितकी ही ओढ जास्त, आणि वीस अंशालासुद्धा २०डब्ल्यू-५० हे १०डब्ल्यू-३० पेक्षा कितीतरी जाड असतं. म्हणून गॅरेजवाल्याच्या जाड ऑइलने उडी वाढली. पण हा बिघाड नाही, स्वभाव आहे. सेल्फ मारण्याआधी गाडी गिअरमध्ये टाकून, क्लच दाबून, दोनदा पुढे-मागे ढकला, प्लेटा सुटतात. पहिला गिअर टाकण्याआधी क्लच दाबून तीन-चार सेकंद धरून ठेवा. मी हे दोन केले आणि उडी नव्वद टक्के गेली.

उरलेले दहा टक्के क्लच केबलमध्ये होते. लिव्हरला हाताशी मोकळा खेळ किती हवा हे गाडीगणिक वेगळं. काहींना दोन-तीन मिलिमीटर, काहींना टोकाशी दहा ते वीस. माझा खेळ जवळजवळ दुप्पट झालेला. म्हणजे लिव्हर पूर्ण दाबूनही क्लच पूर्ण सुटत नव्हता. पावसाळ्यात केबल गंजते, ताणते, आपण हाताला सवय करून घेतो. दहा नंबरचा पाना, पाच मिनिटांचं काम. ज्या न्यूट्रलसाठी मी कारचं ऑइल ओतून प्लेटा घालवल्या, ते ह्या पाच मिनिटांत लागायला लागलं. आठवलं की अजून स्वतःचाच राग येतो.

आता स्टार्टिंग. इंजिन 'जड' फिरतं म्हणजे दोनच शक्यता: फिरणारी वस्तू जड झाली, किंवा फिरवणारा हात कमजोर झाला. आपण नेहमी पहिलीवर संशय घेतो. चारेकशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या आणि सकाळी गाडीला हात लावण्याआधी बॅटरीच्या दोन टोकांवर लावा. पूर्ण चार्ज असलेली बारा व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी १२.६ च्या पुढे दाखवते. माझी १२.१. मग कुणाला तरी सेल्फ दाबायला सांगा आणि काटा बघा. सेल्फ फिरताना ९.६ च्या खाली जायला लागला तर बॅटरी थकली. माझा नऊच्या खाली गेला. व्होल्टेज एवढं पडलं की नुसता सेल्फच रडत नाही; इंजेक्शनचा पंप, इसीयू (इंजिनाचा कंप्युटर), स्पार्क सगळ्यांनाच उपास घडतो. म्हणून तिसऱ्या-चौथ्या वेळी धरायची.

पण मग बॅटरी डिसेंबरातच का रुसते? लेड-ॲसिड बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया गारव्यात मंदावते, एवढं एक. दुसरं, ती आधीच अर्धीमुर्धी उतरलेली असते आणि उन्हाळ्यात निभावून नेते. माझ्या सात-आठ किलोमीटरच्या फेरीत ती कधी पूर्ण भरतच नव्हती: एक सेल्फ, मग सिग्नल, मग मरोळचं ट्रॅफिक. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या गाड्यांना हेडलाइट कायम चालू, त्यात मोबाइलचा चार्जर, आणि मी हौसेने लावलेले दोन फॉगलॅम्प. आणि एप्रिल २०२० च्या बीएस-६ नंतर कित्येक गाड्यांची किकच गेली. किक असती तर तीन वर्षं मला कळलंही नसतं की बॅटरी मेलीय. इंजिन चालू ठेवून रेझ केल्यावर चौदाच्या आसपास व्होल्टेज दिसलं, म्हणजे चार्जिंग ठीक होतं. बॅटरी बदलली, फॉगलॅम्प काढून टाकले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आरेच्या धुक्यात गाडी पहिल्या बोटाला सुरू झाली. तेव्हा तिच्यात तेच १५डब्ल्यू-५० होतं.

आठवडाभराने पुन्हा एकदा अडखळली. तेव्हा टॅपेट (इंजिनाचे व्हॉल्व्ह ढकलणारे भाग, त्यांत ठरावीक फट लागते) बघितले. एक गोष्ट मेकॅनिकही विसरतात: टकटक ऐकू येते ते सैल टॅपेट त्रास देतात, पण स्टार्टिंगचा घात करतात ते घट्ट टॅपेट, आणि ते आवाज करत नाहीत. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह घट्ट झाला की पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं, थंड इंजिन धरायला तयार होत नाही. माप घ्यायचं ते इंजिन रात्रभर गार झाल्यावर, फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्टीने. गॅरेजला दुपारी तापलेली गाडी नेली आणि 'कानाने' टॅपेट लावून आणली तर उपयोग नाही. माझा एक्झॉस्ट मापापेक्षा घट्ट निघाला. काही इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट असतात, तिथे गेजचं कामच नाही. सकाळची पहिली दोन-तीन सेकंदांची टकटक तर रात्री खाली उतरलेलं ऑइल पुन्हा वर चढेपर्यंतची असते. ती तिथेच थांबत असेल तर झोपा निवांत.

पेट्रोलचंही थोडं आहे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता लागते, म्हणून गार इंजिनात पहिला स्फोट व्हायला किंचित वेळ लागू शकतो. शिवाय ते पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतात. पावसाळा काढलेली, अर्धवट भरलेली टाकी महिनाभर झाकून ठेवली असेल तर इकडे बघा. इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवल्यावर पंपाचा 'झुंऽऽ' आवाज दोन-तीन सेकंद येतो. तो थांबेपर्यंत सेल्फला हात लावायचा नाही. आपण चावी आणि सेल्फ एकाच दमात करतो. हे माझ्या हिला मी सांगितलं आणि तिची स्कूटर त्या दिवसापासून एका बोटात सुरू होते. श्रेय मला अजून मिळालेलं नाही.

बाकी प्लग, एअर फिल्टर वगैरे तुम्हाला माहीत आहेच. एक मात्र सांगतो: ऑइल जास्त भरलेलं नाही ना बघा. कित्येक छोट्या गाड्यांना ड्रेन केल्यावर ८००-९०० मिलीच लागतं, पण गॅरेजचा पोऱ्या लिटरचा डबा उलटा करून, झटकून रिकामा करतो. जास्तीचं ऑइल ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरमध्ये जातं आणि मग गाडी श्वास कोंडल्यासारखी करते. लेव्हल बघताना गाडी मेन स्टँडवर, सरळ, सपाट जागी. साइड स्टँडवर काचेत दिसलेली लेव्हल ही लेव्हल नव्हे.

आणि मुंबईत थंडीपेक्षा जपायचं ते अर्धवट तापलेल्या इंजिनाला. जानेवारीत एकदा ऑइल भरायचं झाकण काढलं तर आतून पांढरट, ताकावर आलेल्या लोण्यासारखा थर. पोटात गोळाच आला. वाटलं इंजिनात पाणी शिरलं. तसं नव्हतं. इंजिन गार असताना ज्वलनातली वाफ आणि थोडं पेट्रोल खाली ऑइलात उतरतं. इंजिन नीट अर्धा-पाऊण तास तापलं तर ते उडून जातं. सात किलोमीटरच्या फेरीत ऑइल पुरतं तापतच नाही, पाणी साचत जातं, आणि ऑइलाचा कस जातो. आता मी रविवारी एकदा घोडबंदर रोडने वसईकडे जाऊन येतो, दीड तासाची चक्कर. घरी तिचं नाव 'इंजिनाची तब्येत' असं आहे. आणि ऑइल बदलताना किलोमीटर भरायची वाट बघत नाही. पावसाळा संपला, कोजागिरी झाली, की बदललं. बारीक पांढरट थर एवढ्याने जातो. पण लेव्हल काचेतच दुधाळ दिसत असेल, किंवा लेव्हल आपोआप वाढत असेल, तर गाडी चालवू नका, सरळ उघडून दाखवा.

तर मग घ्यायचं कोणतं? गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं. उत्तर निरस आहे, पण दोन हिवाळे आणि एक क्लच खर्चून मिळालेलं आहे. पुस्तकात १०डब्ल्यू-३० असेल तर 'मुंबईत गरम होतं' म्हणून २०डब्ल्यू-५० नको. इंजिनातल्या फटी त्या पातळ ऑइलासाठीच बेतलेल्या असतात. उलट पुस्तकात शेवटी ५० असेल तर मागचा आकडा ३० वर आणू नका. मे महिन्यात सायनच्या सिग्नलला एअर कूल्ड इंजिन भाजून निघतं तेव्हा तोच मागचा आकडा बेअरिंग वाचवतो. पुस्तकात दोन-तीन ग्रेड दिलेले असतील, काहींत तापमानाचा तक्ताही असतो, तर त्यातला लहान डब्ल्यूचा खुशाल घ्या. सकाळी क्लच थोडा हलका सुटेल.

त्यानंतर जासो या जपानी मानकाचा शिक्का. मोटरसायकलला एमए किंवा एमए२. दोन्ही ओल्या क्लचसाठी, एमए२ ची पकड जास्त. एमबी म्हणजे कमी घर्षणाचं, ते ज्यांचा क्लच कोरडा आणि ऑइलाबाहेर असतो अशा बिनगिअरच्या स्कूटरसाठी. घरात एक बाइक आणि एक स्कूटर असेल तर गफलत इथेच होते, कारण दोन्ही डब्यांवर १०डब्ल्यू-३० लिहिलेलं असतं. चुकून एमए स्कूटरमध्ये पडलं तर फार तर ॲव्हरेज किंचित कमी. एमबी बाइकमध्ये पडलं तर माझा कसारा आठवा. आमच्या घरी आता स्कूटरच्या डब्याला लाल चिकटपट्टी आहे. एपीआय या अमेरिकन संस्थेच्या दर्जाचं अक्षर पुस्तकात एसएल असेल तर एसएल किंवा त्याच्या पुढचं, एसएम, एसएन, चालतं; पण जासोचा शिक्का नसेल तर पुढचं अक्षर बघून भुलू नका. डबा सीलबंद बघून घ्या, डोळ्यांसमोर उघडा, आणि रिकामा झाल्यावर भोसकून टाका. रिकामे डबे पुन्हा भरणारे लोक आहेत.

हे सगळं मुंबई आणि फार तर नाशिक-महाबळेश्वरचं झालं. ऑफिसातल्या एकाला मात्र मी गेल्या वर्षी खरोखर ऑइल बदलायला लावलं, कारण तो फेब्रुवारीत हिमाचलमधल्या स्पितीला निघाला होता. काझाला हिवाळ्यात रात्री पारा उणे वीसच्या खाली जातो. तिथे माझा फ्रीझर लहान पडेल. त्याच्या गाडीत २०डब्ल्यू-५०. पुस्तकातल्या तक्त्यात गारठ्यासाठी १०डब्ल्यू-५० दिलेलं होतं, ते घेतलं. मागचा ५० तोच, कारण शिमला-किन्नौरपर्यंतच्या रस्त्यात आणि परत आल्यावर मुंबईत इंजिन तेच आहे. शिक्का एमए२. ऑइल निघायच्या दहा दिवस आधी इथेच बदललं, म्हणजे गळती किंवा क्लचची कुरकुर असेल तर ती गोरेगावात कळावी, काझाला नव्हे.

गाडी रेल्वेने पाठवताना पेट्रोल पूर्ण काढावं लागतं. त्यामुळे मुंबईचं पेट्रोल तसंही वर जात नाही. तिकडे उतरल्यावर तिकडचं भरलं. बॅटरीबद्दल त्याला एकच तंबी दिली होती: रात्री काढून खोलीत न्यायची. पूर्ण चार्ज बॅटरीतलं ॲसिड उणे पन्नासलाही गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीतलं उणे दहाच्या आसपासच गोठू शकतं, आणि मग ती फुटते. आणि कुणी सांगितलं तरी इंजिनाखाली स्टोव्ह पेटवायचा नाही. डिझेलचे ट्रकवाले करतात ते त्यांच्यापाशी. वर आपल्या टाकीत पेट्रोल आहे.

तो परत आला, गाडी धड आली. त्याच गाडीत अजून १०डब्ल्यू-५० आहे आणि तो ती एप्रिलभर ठाण्याला चालवत होता; मागचा आकडा तोच असल्यामुळे घाईघाईने काढायची गरज पडली नाही.

यंदा मार्गशीर्ष लागताच खालच्या मजल्यावरचा मुलगा आला. 'काका, थंडीचं कुठलं ऑइल टाकू?' मी त्याला मल्टिमीटर दिला. ११.९ निघालं. तरी त्याची खात्री पटेना, म्हणून फ्रीझरमधली २०डब्ल्यू-५० ची बाटली काढून दाखवली. ती अजून तिथेच असते, मटारामागे. हिने तिच्यावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय: 'हे मध नाही.'